ध्वनिमुद्रिकेची पट्टी, आपली तार

ध्वनिमुद्रित गाण्यासोबत गिटार वाजवू पाहणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी उमगते : हे गाणे आपले काहीही ऐकत नाही. मैफलीतली संगत दुहेरी असते. तंबोरा गायकाच्या षड्जाला जुळवला जातो, पण एकदा तो बोलू लागला की गायकही त्याला धरून राहतो. पेटीवाला मागे पडला तर गायक क्षणभर थांबतो, तबलजीकडे पाहून मान हलवतो. ध्वनिमुद्रिका अशी कोणासाठीही थांबत नाही. ती आपल्या पट्टीत आणि आपल्या लयीत निघून जाते. अशा एकतर्फी संगतीत जुळवून घेण्याची सगळी जबाबदारी जिवंत पक्षावर येते. ही जबाबदारी कशी पार पाडायची, आणि ती पार पाडताना आपण नेमके कशाशी जुळवून घेत असतो, या दोन प्रश्नांभोवती हे टिपण आहे. संगीत हा माझा अभ्यासविषय नाही. मी मराठी शिकवते आणि गिटार चाळिशीच्या तोंडावर हाती घेतली. परंतु हा प्रश्न आपल्या पाठसंपादनाच्या प्रश्नाला इतका शेजारचा निघाला की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवले नाही.

आधी यंत्रणा समजून घेऊ. गिटारच्या सहा तारा जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशा लावतात. पेटीच्या भाषेत सांगायचे तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन, पांढरी पाच, पांढरी सात आणि पुन्हा वरची पांढरी तीन. यातली पाचवी, म्हणजे पांढरी सहाची तार दर सेकंदाला ११० कंपने करते. तिच्या दोन सप्तके वरचा स्वर ४४० कंपनांचा असतो आणि हा ४४० चा आकडा साऱ्या जुळवाजुळवीचा पाया मानला जातो. मात्र हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. फ्रान्सने १८५९ साली कायद्याने हाच स्वर ४३५ वर ठरवला होता. १९३९ च्या लंडनच्या परिषदेत ४४० वर सहमती झाली आणि १९५५ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने त्याची शिफारस केली. तेव्हा गिटार ‘सुरात’ आहे असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ ती एका करारात आहे एवढाच. आपल्याकडे असा सर्वमान्य षड्ज कधी नव्हता. गळा ज्याचा, पट्टी त्याची, हा आपला करार.

ध्वनिमुद्रिका या कराराशी तीन प्रकारांनी वागते. पहिला प्रकार सोपा. गाणे ठरलेल्या पट्टीत असते आणि आपली तार तिला लागलीच जुळते. दुसऱ्या प्रकारात वादकाने मुद्दाम तारा उतरवलेल्या असतात. जिमी हेंड्रिक्स बऱ्याचदा सगळ्या तारा अर्धस्वराने उतरवून वाजवी. बीटल्सच्या ‘यस्टरडे’ (१९६५) या गाण्यात पॉल मॅकार्टनीची गिटार एका पूर्ण स्वराने उतरवलेली आहे. त्यामुळे त्याची बोटे ‘जी’च्या जागी पडतात आणि आपल्या कानावर ‘एफ’ येतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी बरोबर स्वर चुकीच्या जागी शोधत बसतो. त्याला स्वर सापडतात, पण मूळ वादनातल्या मोकळ्या तारांची ती घुमणारी आस सापडत नाही. कोणता स्वर वाजला हे कळणे आणि तो कोणत्या बैठकीतून वाजला हे कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कवितेचा अन्वय लावणे आणि तिचा सूर पकडणे यांत जे अंतर असते, तेच इथे असते.

तिसरा प्रकार खरा अवघड. तिथे गाणे दोन पडद्यांच्या मध्ये कुठेतरी असते. सहाव्या पडद्यावर ते खाली राहते, पाचव्यावर वर जाते. याचे नामांकित उदाहरण म्हणजे बीटल्सचेच ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’. १९६६ च्या अखेरीस या गाण्याची दोन निराळी ध्वनिमुद्रणे झाली. त्यांच्या पट्ट्या वेगळ्या आणि लयीही वेगळ्या होत्या. जॉन लेननला एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध हवा होता. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी एका फितीचा वेग वाढवला, दुसरीचा कमी केला आणि सुमारे एका मिनिटाच्या जागी दोन्हींचा सांधा जुळवला. १९६७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेले हे गाणे त्यामुळे पेटीवरच्या कोणत्याही पट्टीत धड बसत नाही. ते ज्या पट्टीत ऐकू येते, त्या पट्टीत ते कोणीही कधी गायलेले नव्हते.

अशा गाण्याला तार जुळवायची तर यंत्र फारसे उपयोगी पडत नाही. सुई असलेला ट्यूनर आपल्याला करारापाशी नेतो, गाण्यापाशी नाही. तिथे कानच लावावा लागतो. गाण्याचा षड्ज आधी गुणगुणून गळ्यात पक्का करायचा, मग त्याच्या जवळची तार छेडायची. दोन स्वर जवळ आले, पण एक झाले नाहीत, की आवाजात लाटा उठू लागतात. एक स्वर ११० कंपनांचा आणि दुसरा ११२ चा असेल, तर सेकंदाला दोन लाटा. खुंटी हळूहळू पिळावी तशा लाटा लांबत जातात, आळसावतात, आणि एका क्षणी आवाज सपाट होतो. तंबोरा जुळवणारा मणी सरकवताना हेच ऐकत असतो. तार नेहमी खालून वर न्यावी, वरून खाली आणलेली तार खुंटीच्या दात्यांतल्या ढिलाईमुळे पुन्हा उतरते, असे सगळे शिकवणारे सांगतात. पण या साऱ्या कृतीचा गाभा म्हणजे थांबून ऐकणे. आपला स्वर बारीक ठेवायचा आणि समोरच्याचा मोठा होऊ द्यायचा. वर्गात ‘जवळून वाचा’ असे आपण विद्यार्थ्यांना सांगतो, तेव्हा याहून वेगळे काही सांगत नसतो.

इथवर सारे सरळ आहे. रेकॉर्ड म्हणजे तंबोरा, आणि आपण तिला जुळवून घ्यायचे. प्रश्न पुढे सुरू होतो. हा तंबोरा स्वतः खरा आहे का?

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम १९५९ साली आला. त्याच्या पहिल्या बाजूची तीन गाणी २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. त्या दिवशी मुख्य मुद्रणयंत्र किंचित मंद चालत होते. मंद फितीवर मुद्रित झालेले संगीत योग्य वेगाने वाजवले की चढे ऐकू येते, त्यामुळे ही तिन्ही गाणी मूळ वादनापेक्षा वरच्या सुरात जगभर पोचली. राखीव यंत्रावर त्याच वादनाची वेगळी फीत होती आणि तिचा वेग बरोबर होता. तिच्या आधारे दुरुस्त केलेली आवृत्ती १९९२ साली निघाली. म्हणजे तेहेतीस वर्षे जगभरचे विद्यार्थी या रेकॉर्डबरोबर आपली वाद्ये किंचित चढवून वाजवत राहिले. त्यांनी तार जुळवली ती माइल्स डेव्हिसशी नव्हे, तर एका थकलेल्या मोटारीशी. आणि तरीही त्यांनी ऐकलेला, त्यांना घडवणारा अल्बम तोच होता.

जुन्या तबकड्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हापासूनच्या पहिल्या काही दशकांतल्या तबकड्यांना आपण सरसकट ‘७८ च्या’ म्हणतो. वस्तुतः तेव्हा वेग पक्का ठरलेला नव्हता. मिनिटाला सत्तर-बाहत्तर फेऱ्यांपासून ऐंशीच्या वरपर्यंत तो बदलत असे. ७६ च्या वेगाने कोरलेली तबकडी ७८ ने फिरवली, तर स्वर जवळजवळ पाव स्वराने, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याने चढतो. त्याबरोबर लय वाढते, गळा बारीक होतो, तान अधिक चपळ वाटते. त्या पिढीतल्या एखाद्या गवयाच्या गळ्याच्या पातळपणाविषयी आपण लिहितो, तेव्हा त्यात गवयाचा वाटा किती आणि फिरत्या ताटलीचा किती, हे आधी तपासायला हवे.

हा प्रश्न माझ्या घरात आला तो एका कॅसेटच्या रूपाने. १९९१ साली सातारला आमच्या घरी भोंडला झाला, त्याची ती कॅसेट. हस्ताचा पाऊस लागून राहिल्यामुळे त्या वर्षी पाटावरचा हत्ती अंगणाऐवजी सोप्यात मांडला होता. आई गाणे उचलते, दोन्ही आत्या आणि शेजारच्या काकू मागून म्हणतात. एकूण सात गाणी. दोन वर्षांपूर्वी ही फीत चिकटू लागली आणि ती संगणकावर उतरवून घेणे भाग पडले. माझ्या भाच्यांना ही गाणी यंदाच्या भोंडल्याला गिटारवर हवी होती. त्यांची सूचना साधी होती : सगळे आवाज ४४० च्या मापात ओढून बसवावेत. आता हे एका बोटाने होते. मग गिटार कोणीही वाजवू शकेल.

मी आधी फितीला गिटार लावून पाहिली. आईचा षड्ज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये येत होता. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून सगळ्या तारा पाव स्वराने उतरवल्या तेव्हा पहिले गाणे जुळले. दुसऱ्या गाण्याला तारा थोड्या चढवाव्या लागल्या, तिसऱ्याला आणखी. सातव्या गाण्यापर्यंत सूर जवळजवळ अर्धस्वराने वर गेला होता. शिवाय षड्ज जुळूनही गंधाराची बोच राहतच होती. गिटारच्या पडद्यांवरचा गंधार हा तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या सातव्या हिश्श्याने चढा असतो, आणि ज्यांनी कधी पेटीसुद्धा साथीला घेतली नाही त्या बायका पडद्यांचे गणित कशाला मानतील? शेवटी मी कॉर्ड सोडून दिले आणि नुसता षड्ज-पंचम छेडत राहिले. ते शोभले.

मग प्रश्न पडला की ही चढ कोणाची? बायकांची की यंत्राची? बायका साथीशिवाय गाताना उत्साहाने वर सरकतात, हे खरे. पण मुद्रणाच्या वेळी यंत्र मंदावत गेले असेल, तरीही अगदी असाच परिणाम होतो. आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांनी एक युक्ती सांगितली. सोप्यात ट्यूबलाइट होती आणि तिच्या चोकची गुणगुण फितीवर आली आहे. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणून ही गुणगुण १०० कंपनांची असायला हवी. फितीवर ती किती येते ते मोजा. ती आली १०४. आणि मुख्य म्हणजे पहिल्या गाण्यापासून सातव्यापर्यंत ती १०४ च राहिली. याचा अर्थ यंत्राचा वेग चुकीचा असला तरी स्थिर होता. वर चढत गेल्या त्या बायकाच. हे कळले तेव्हा मला विलक्षण आनंद झाला. त्या संध्याकाळचा रंग चढत गेल्याचा पुरावा एका दिव्याच्या गुणगुणीने चौतीस वर्षे सांभाळून ठेवला होता.

आता दुरुस्ती सोपी वाटली. चार टक्के वेग कमी केला की सूर सुमारे ६८ सेंटने उतरेल आणि आईचा षड्ज काळी पाचच्या किंचित खाली येईल. पण सहकाऱ्यांनी लगेच दुसरी बाजू मांडली. त्या काळी विजेची मागणी पुरवठ्याहून अधिक असे आणि जाळ्याची आवर्तने ५० वर टिकत नसत. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी ती साडेअठ्ठेचाळीसपर्यंत घसरणे मुळीच अशक्य नव्हते. तसे असेल, तर मूळ गुणगुण १०० नव्हे, ९७ ची. मग आईचा षड्ज पांढरी सहाच्या जरासा वर येतो. म्हणजे ज्या फूटपट्टीने मोजायचे तीच ताणलेली. आईच्या सुराचा पत्ता मला पाव स्वराच्या फरकाने दोन ठिकाणी सापडत होता आणि त्यांपैकी एक निवडण्याचे साधन फितीत नव्हते.

साक्षीदार मात्र घरातच होता. आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला फीत जशी होती तशी ऐकवली. ती म्हणाली, ‘‘अगं, एवढ्या वर मी कधी गायले नाही. पेटीच्या क्लासला माझी पट्टी काळी चार होती.’’ हे तिसरे उत्तर. ते दोन्ही गणितांच्या खाली. मी म्हटले, ‘‘मग काळी चारला उतरवू का?’’ तर ती हसली. ‘‘भोंडल्याला कोण पट्टी घेतं? ज्या सुरात सुचेल त्या सुरात उचलायचं.’’ तिने तिथेच एक गाणे उचलून दाखवले. आता वयाने आवाज खाली आला आहे. जो सूर लागला तो काळी चारच्याही पुष्कळ खाली होता. मी गिटारच्या खुंट्या सैल करून तिच्यापाशी पोचेपर्यंत तिचे दुसरे कडवे संपले होते, आणि मी पोचले तेव्हा तीही किंचित माझ्याकडे सरकली. फितीने हे कधी केले नसते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात ओळखीचे काय दिसते ते आता सांगते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पुढच्या तीन शतकांत अनेक हातांनी उतरवली गेली. १५८४ साली एकनाथांनी प्रती ताडून पाहून तिची शुद्ध प्रत तयार केली आणि यापुढे तीत कोणी भर घालू नये असे बजावले. तीन शतके आपण त्या प्रतीच्या सुरात ज्ञानेश्वरी वाचली. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली. तिची भाषा अधिक जुनी, अधिक खडबडीत. १९९२ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’सारखाच तो प्रसंग होता : सर्वांच्या कानात बसलेला सूर मूळचा नव्हे, असे सांगणारी दुसरी फीत. राजवाड्यांच्या प्रतीच्या जुनेपणाविषयी अभ्यासकांत वाद झाले. ते इथे सोडवायचे नाहीत. मुद्दा एवढाच की ज्ञानेश्वरांच्या समोर बसून ऐकण्याची सोय कोणालाच उरलेली नाही. आपल्यापाशी आहेत त्या फिती, आणि प्रत्येकीच्या मोटारीचा वेग वेगळा.

अशा वेळी दोन सोपे मार्ग मोह घालतात. एक, सारे काही आजच्या ४४० ला आणून बसवणे. सोप्या मराठीतील गद्य रूपांतर वर्गात वाटले की तास सुरळीत जातो. मीही ते वाटते, त्यात कमीपणा नाही. पण विद्यार्थ्याने तेवढेच वाचले, तर त्याची तार कधी हललीच नाही. तो घरी बसला होता आणि ओवी त्याच्याकडे आणली गेली. दुसरा मोह उलट्या दिशेचा. मूळ सूर कळतच नाही, मग कोणताही चालेल, असे म्हणून मोकळे होणे. हाही आळसच. फितीतला खरा सूर नक्की कळला नाही, म्हणून तो कुठेही असू शकत नाही. तो दोन खुणांच्या मध्ये आहे, आणि त्या खुणा पाव स्वराच्या अंतरावर आहेत. ट्यूबलाइटची गुणगुण ऐकल्यावाचून हे अंतर एवढे कमी झाले नसते. पाठचिकित्सा आपल्याला मूळ संहिता हातात देत नाही. ती अज्ञानाची रुंदी कमी करत नेते. आणि हे काम तार हलवायला तयार असणाऱ्यालाच जमते. संहितेला आपल्याकडे ओढणाऱ्याला गुणगुण ऐकायचे कारणच उरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की रसिकाला या उपद्व्यापाची गरज काय? त्याने चढ्या सुरातला माइल्स डेव्हिस ऐकला आणि तो तृप्त झाला. हे मान्यच आहे. किंबहुना ती चढी आवृत्तीही आता इतिहासाचा भाग आहे. तिच्यावर वाढलेल्यांच्या स्मृतीतून तिला दुरुस्त करता येणार नाही आणि करूही नये. एकनाथांची प्रत कोणी रद्द केलेली नाही. मात्र जो सोबत वाजवू पाहतो, म्हणजे शिकवू, संपादित करू, भाषांतर करू किंवा टीका लिहू पाहतो, त्याला श्रोत्याची ही सवलत मिळत नाही. तो वाजवू लागला की त्याचा सूर तरी जुळतो, नाहीतर लाटा उठतात.

भाच्यांसाठी मी काय केले ते सांगून थांबते. त्यांना हवी तशी ४४० ची एक प्रत करून दिली. भोंडला हा अखेर खेळ आहे आणि मुलींना नाचता आले पाहिजे. पण त्या प्रतीवर ‘भोंडल्यासाठी’ असे लिहिले, आईचे नाव घातले नाही. आईच्या नावाची प्रत वेगळी ठेवली आहे. ती जशी उतरली तशीच, दुरुस्त न केलेली. तिच्यासोबत एका कागदावर पाठभेद द्यावेत तशा नोंदी केल्या आहेत : ‘फितीवरचा षड्ज काळी पाच व पांढरी सात यांच्या मध्ये. दिव्याची गुणगुण १०४, सातही गाण्यांत स्थिर. वीज ५० धरल्यास षड्ज काळी पाचच्या किंचित खाली, ४८.५ धरल्यास पांढरी सहाच्या किंचित वर. गाणारीच्या सांगण्यानुसार काळी चार. गाण्यागणिक होणारी चढ गाणाऱ्यांची आहे, यंत्राची नाही. ती काढून टाकू नये.’ धाकट्या भाचीने कागद वाचला आणि मूळ प्रत लावून गिटार मांडीवर घेतली. पहिल्या गाण्याला तिला अकरा मिनिटे लागली. दुसऱ्या गाण्याच्या आधी तिने आपणहून खुंट्यांना हात घातला.